देवळाची ओवरी आणि गावची शाळा

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



देवाचे माहात्म्य सांगण्याचा अधिकार माझा नाही. ते काम काल रात्री कीर्तनकार बुवांनी उत्तम केले आहे. मी प्राथमिक शिक्षक. नोकरीची पहिली वर्षे माण तालुक्यात गेली, पुढची वाळव्यात. समितीने "देवळाविषयी दोन शब्द बोला" अशी आज्ञा केली. मी गाभाऱ्याविषयी न बोलता ओवरीविषयी बोलणार आहे, कारण आपल्या भागात कित्येक गावांची शाळा प्रथम देवळाच्या ओवरीत भरली. आपल्या गावचीही तशीच भरली, हे इथल्या म्हाताऱ्या मंडळींना ठाऊक आहे.

जुन्या काळी सातारा-सांगली भागात शाळा म्हटली की इमारत डोळ्यांपुढे येत नसे. कुठे मारुतीचे देऊळ, कुठे चावडी, कुठे धर्मशाळा, कुठे पाटलांच्या वाड्याची पडवी. त्यातही देवळाला पहिला मान, कारण गावाचे म्हणून असे एकच छप्पर असे. शेणाने सारवलेली जमीन, भिंतीला टेकवलेला फळा आणि चार इयत्तांच्या चार रांगा. पहिलीची पोरे मुळाक्षरे गिरवताहेत, दुसरीची पाढे म्हणताहेत, चौथीची मोठी मुले लहानांच्या पाट्या तपासताहेत; कारण गुरुजी एकच! कोणी दर्शनाला आले आणि घंटा वाजली की साऱ्यांच्या माना एकदम वळत. सप्ताह बसला की शाळेला आपोआप सुट्टी. बेंदराला तर मास्तरांनी सुट्टी दिली काय, न दिली काय, पोरे बैलांच्या मागे नदीवर! दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची आणि तिची पूजा करायची. गुरुजी शाळा सुटल्यावर गावाची पत्रे वाचून दाखवत आणि मनीऑर्डरीवर अंगठा देणाऱ्याला सही गिरवायला शिकवत. एकशिक्षकी शाळेचा मास्तर आणि गाव यांचे नाते कसे असते ते व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त दाखवले आहे. ते पुस्तक १९५५ साली निघाले, पण त्यातला औंध संस्थानचा तो माणदेश आमच्या पिढीने पुढेही बराच काळ तसाच पाहिला.

आता थोडे कडू बोलतो. देऊळ गावाचे, पण त्या गावात कोणाकोणाला मोजायचे? ज्यांना देवळाची पायरी चढू देत नसत, त्यांच्या लेकरांना ओवरीतल्या शाळेत कोण बसू देणार? त्यांनी पायरीखाली बसून ऐकायचे, नाही तर घरी राहायचे. देवळाबाहेरच्या शाळांतही फार वेगळे नव्हते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ पासून त्या दिवशी राज्यात विद्यार्थी दिवस पाळतात. आपल्या बालपणीच्या शाळेविषयी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की, बसायला घरचे गोणपाट न्यावे लागे, आणि शिपाई नळ सोडायला हजर नसला तर तहान तशीच सोसावी लागे. ज्या मातीत पुढे एवढे शिक्षणकार्य झाले त्याच मातीतली ही हकीकत आहे, म्हणून आजच्या मंगल दिवशीही ती सांगितली.

हे चित्र पालटण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत आपल्याला सर्वांत जवळचे नाव कर्मवीर भाऊराव पाटलांचे. जन्म १८८७ चा, कुंभोजचा. घर वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. १९१० च्या सुमारास दूधगावला मुलांची राहण्याजेवण्याची सोय करण्याच्या खटपटीत ते होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्याला आले. तिथल्या वसतिगृहात मराठा, महार, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एकाच चुलीवर रांधत आणि एकाच पंगतीला बसत. तो काळ लक्षात घ्या, म्हणजे या पंगतीची किंमत कळेल. धान्य कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. आपल्या देणगीदारांच्या फलकावर त्यांचे नाव नाही, पण देणगी म्हटले की मला पहिल्यांदा त्या आठवतात.

वसतिगृहांविषयी पुष्कळांना माहिती असते. व्हॉलंटरी शाळांविषयी मात्र तरुण मंडळींना सहसा माहीत नसते, आणि आजच्या समारंभाशी खरा संबंध त्यांचाच आहे. १९३५ मध्ये साताऱ्याला संस्थेने प्राथमिक शिक्षक तयार करण्यासाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. नाव इंग्रजी आणि लांबलचक, पण त्यातून बाहेर पडणारी मुले खेड्यापाड्यांतली. मग १९३८ पासून, ज्या गावात बोर्डाची शाळा नाही तिथे व्हॉलंटरी शाळा निघू लागल्या. संस्थेने मास्तर द्यायचा, सरकारने थोडेबहुत अनुदान द्यायचे आणि गावाने जागा द्यायची. जागा म्हणजे पुन्हा देऊळ, चावडी, नाही तर कोणाचा तरी गोठा साफसूफ करून. डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर, जिथे पावसाळ्यात चार महिने माणूस फिरकत नसे, तिथे सातवी फायनल झालेला पोरगा ट्रंक डोक्यावर घेऊन मास्तर म्हणून जाई. पगार तुटपुंजा, तोही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. गाव त्याला भाकरी देई, जोंधळे देई, कोणी दुधाचा तांब्या धाडी. दहा-बारा वर्षांत अशा शाळांची संख्या पावणेसहाशेच्या घरात गेली. स्वातंत्र्यानंतर त्या स्कूल बोर्डाच्या ताब्यात देण्यात आल्या.

तोवर जुना सातारा जिल्हाही फुटला होता. १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिण साताऱ्याचे १९६० मध्ये सांगली असे नामकरण झाले. पाठोपाठ १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. शाळांना खोल्या मिळाल्या, फळे मिळाले, गुरुजींना महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागला. ज्यांना पायरीखाली बसवत होते त्यांची नातवंडे हक्काने पहिल्या रांगेत बसली. हे फार मोठे काम झाले, आणि ते सरकारच्या हातानेच होण्याजोगे होते. ओवरीच्या आठवणी काढून त्याला कमी लेखणारा मी नव्हे. देवराष्ट्र्यासारख्या खेड्यातल्या प्राथमिक शाळेत अक्षरओळख झालेले यशवंतराव चव्हाण राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, ही त्याच पिढीची गोष्ट.

पण या व्यवहारात एक शब्द बदलला. पूर्वी लोक "आमची शाळा" म्हणत. पुढे "झेडपीची शाळा" म्हणू लागले. कौल फुटले की गाव शिडी लावत असे. आता अर्ज जातो. देवळाचे कौल फुटल्यावर मात्र आपण अर्ज केला नाही. समिती नेमली, पावतीपुस्तके छापली, माथाडी बंधूंनी मुंबईत गाळ्यागाळ्यावर फिरून वर्गणी गोळा केली, आयाबायांनी धान्य दिले, आणि हा कळस उभा राहिला. जे गाव हे करू शकते ते मनात आणील तर दुसरेही करू शकेल, एवढाच माझा हिशेब आहे.

शाळेची आजची स्थिती तुम्ही जाणताच. पहाटे पिवळी गाडी येते आणि निम्मी मुले इंग्रजी माध्यमाला घेऊन जाते. पालकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. लेकराचे बरे व्हावे असे वाटूनच ते खिशाला चाट लावतात. पण पट घसरतो तो असा. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. कागदावर ते सोयीचे दिसते. पण आपल्याकडे पहिलीतल्या पोरीने ओढा ओलांडून, उसातल्या वाटेने पुढच्या गावाला जायचे म्हणजे काय, हे बिबट्याच्या भीतीने रात्रीचे पाणी पाजायला एकटे न जाणाऱ्या बापाला विचारा. आणि वाट लांबली की आधी घरी बसते ती मुलगी. सावित्रीबाईंचे नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात आहे, हे आपण दर ३ जानेवारीला भाषणात सांगतो.

कायदा आपल्या बाजूला आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे धरले आहे. प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या बायका. ही समिती कागदावर सगळीकडे असते. पुष्कळ ठिकाणी सभेचे वही-पेन घरोघर फिरते आणि चुलीपाशी सह्या होतात! जीर्णोद्धार समितीच्या सभेला मात्र रात्री अकरापर्यंत माणूस हलत नव्हते, हे मी ऐकून आहे.

आता वेळ संपत आली, पालखी सजते आहे. दुपारची मिरवणूक वेशीतून शाळेवरूनच जाणार आहे. समितीला माझी विनंती आहे की, पालखी तिथे पाच मिनिटे टेकवावी, आणि मुंबईकर मंडळींनी ज्या वर्गात आपण बसत होतो त्या वर्गात एकदा आत जाऊन वर पाहावे. पश्चिमेकडच्या खोलीचे तीन वासे कुजले आहेत, पावसात मुले एका कोपऱ्यात सरकून बसतात. देवळाचे काम केलेले सुतार अजून दोन दिवस गावातच आहेत, आणि सभामंडपामागे चांगले सागवान शिल्लक पडले आहे. ते कोणी कुठे हलवण्याआधी दोन्ही समित्यांनी एकत्र बसून ठरवावे. शाळेच्या किल्ल्या मुख्याध्यापिका बाईंकडे आहेत. आज सुट्टी असूनही त्या संध्याकाळी सहापर्यंत शाळेत थांबणार आहेत.

जय हिंद! जय महाराष्ट्र!