दांडू आणि पोलोची काठी

बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात मराठी मुले ज्याला विटी-दांडू म्हणतात, त्यालाच कन्नड मुले चिन्नी-दांडू म्हणतात. वाद मात्र दोघांचाही एकच, दांडूच्या लांबीचा. लांब दांडूने विटी दूर जाते खरी. पण अंतरही त्याच दांडूने मोजावयाचे असल्यामुळे गुण कमी भरतात. हाव धरणाऱ्याला दांडूच आवरतो!

सायकल-पोलोला ही सोय नाही. १८९१ साली आयर्लंडात रिचर्ड मेक्रेडी यांनी हा खेळ हिरवळीवर सुरू केला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो प्रदर्शनार्थ खेळलाही गेला. पुढे अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे तो टणक फरशीवर आला. तेथील खेळाडूंनी बर्फावर घसरण्याच्या खेळातली जुनी काठी घेतली आणि तिच्या टोकाला प्लॅस्टिकच्या नळाचा तुकडा आडवा बसविला. अशा नळाच्या लांबट बाजूने चेंडू ढकलीत नेणे फारच सोपे. तेव्हा नळाच्या टोकाने टोला मारला तरच गोल, बाजूने सरकविला तर नाही, असा दंडक घालण्यात आला. मुठीकडचे तोंडही बुचाने बंद हवे. उघडी नळी पडणाऱ्याच्या अंगात रुतावयाची. इतके होऊनही पंचापुढे तंटा येतोच : धावत्या सायकलीवरून चेंडूला झालेला शेवटचा स्पर्श टोकाचा, की बाजूचा?