बर्फातला विद्यार्थी आणि श्रमाची लाज



ऐन वैशाखात बर्फातल्या विद्यापीठावर बोलायचे म्हणजे घामाघूम माणसाला घोंगडी पांघरायला सांगण्यासारखे आहे. पण येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांची मुले थंड देशांत शिकायला गेली आहेत, काहींची निघण्याच्या तयारीत आहेत. तेव्हा विषय तितकासा दूरचा नाही. आम्ही स्वतः कोणत्याच विद्यापीठात शिकलो नाही. कामगारांची निवेदने घेऊन गेलो, ते दारापर्यंतच. जे सांगणार आहोत ते वाचून आणि विचारून मिळवलेले आहे.

अमेरिकेच्या उत्तर भागात विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. त्याची राजधानी मॅडिसन दोन सरोवरांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसली आहे. 1848 साली स्थापन झालेल्या तिथल्या विद्यापीठात आज चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी ही वस्ती झाली. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. जानेवारीच्या रात्री पारा सरासरीने शून्याखाली बारा अंशांच्या आसपास असतो. थंडीची लाट आली की त्याहून कितीतरी खाली जातो. विद्यापीठाला लागून असलेले मेंडोटा सरोवर गोठते, आणि पोरे त्यावरून चालतात, घसरतात, भोके पाडून मासे धरतात. 1979 च्या फेब्रुवारीत तर विद्यार्थी-मंडळातल्या ‘बादली आणि फावडे’ नावाच्या पक्षाने स्वातंत्र्यदेवीचे नुसते डोके आणि मशालीचा हात गोठलेल्या सरोवरावर उभा केला, जणू बाई बर्फात बुडाल्या आहेत! थट्टेला तिकडेही विद्यार्थी कमी नाहीत.

हे झाले चित्रातले विद्यार्थिजीवन. पण आमची सवय अशी, की दिवा दिसला की तेल कोण घालतो ते विचारायचे. पहाटे वाटेवरचा बर्फ कोण उपसतो? खानावळीत थाळ्या कोण विसळतो? ग्रंथालयात रात्री टेबलाशी कोण बसतो? विचारून पाहिले तर पुष्कळ ठिकाणी उत्तर येते : विद्यार्थीच. परदेशी विद्यार्थ्यालाही सत्र चालू असताना सामान्यतः विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येते. त्या मजुरीतून त्याचा किराणा येतो आणि जाड कोटही येतो.

यात नवे काही नाही. जयप्रकाश नारायण 1922 साली अमेरिकेत पोहोचले. त्यांनी कॅलिफोर्नियात द्राक्षांच्या मळ्यांत राबून आणि पुढे भांडी घासून शिक्षणाचा खर्च भागवला. बर्कलीची फी वाढली, ती परवडेना, म्हणून ते आयोवाला गेले आणि तेथून याच मॅडिसनला आले. मार्क्स त्यांनी वाचला तो येथे. दिवसा हात राबत होते, म्हणून रात्रीची पुस्तके त्यांना निराळी दिसली, असे आम्ही समजतो. हेच गृहस्थ पुढे अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले.

आता मॅडिसनची मोठी गोष्ट. एवढ्या विद्यार्थ्यांना एकटे प्राध्यापक शिकवू शकत नाहीत. वरच्या वर्गातले विद्यार्थी साहाय्यक म्हणून खालच्या वर्गांना शिकवतात, वह्या तपासतात. त्यांना कामगार म्हणावे की विद्यार्थी? मालकाला सोयीचे असेल तेव्हा विद्यार्थी, कामाच्या वेळी कामगार! या साहाय्यकांनी 1966 साली आपली संघटना बांधली. 1969 साली परराज्यांतून आलेल्या साहाय्यकांची फीसवलत काढण्याचा प्रस्ताव विधिमंडळात आला, तेव्हा माणसे संघटनेकडे धावली. 1970 च्या मार्च-एप्रिलमध्ये तीन आठवड्यांहून अधिक संप झाला. अखेर करार झाला. नोकरीची शाश्वती, वर्गातल्या संख्येला मर्यादा, तक्रार मांडण्याची ठरलेली रीत या गोष्टी त्यात आल्या. वर्गातली संख्या! म्हणजे ही मागणी खालच्या वर्गातल्या विद्यार्थ्याच्याही हिताची होती. चांगली संघटना अशी असते.

या विद्यापीठापासून राज्याच्या विधानभवनापर्यंत एक सरळ रस्ता जातो, सुमारे मैलभराचा. 2011 साली सरकारी नोकरांचा सामूहिक वाटाघाटींचा हक्क जवळजवळ काढून घेणारे विधेयक आले, तेव्हा फेब्रुवारीच्या थंडीत साहाय्यक आणि विद्यार्थी तो रस्ता चालून गेले आणि इतर कामगारांबरोबर विधानभवनातच फरशीवर झोपले. कायदा तरीही झाला. लढा हरला हे आम्ही लपवत नाही. संघटना मात्र मोडली नाही.

मग आपल्याला यातून काय घ्यायचे? आमच्या पाहण्यातल्या एका घरचा मुलगा अशाच एका थंड गावी शिकतो. तो खानावळीत भांडी घासतो. आई शेजारणींना सांगते, ‘लायब्ररीत मदत करतो.’ आम्ही एकदा तिच्या घरी चहा घेतला. कपबश्या विसळणाऱ्या बाईंचे नाव आम्ही विचारले. घरात कोणालाच पूर्ण नाव ठाऊक नव्हते. बाई त्या घरी नऊ वर्षे येत होत्या.

त्या माउलीला आम्ही दोष देत नाही. मुलाचे काम लपवण्यात तिचे प्रेमच आहे. पण भांडी घासणे हलके, ही समजूत तिला वारशाने मिळाली आहे. आपल्या समाजाने काम आणि माणूस दोन्ही एकाच उतरंडीत रचले आणि वरच्याने खालच्या मडक्याकडे पाहू नये असे ठरवले. पोरगा सातासमुद्रापार गेला आणि आपोआप खालच्या मडक्यात जाऊन बसला! आता तरी उतरंड मोडायला हरकत नसावी.

म्हणून आमची विनंती दोनच गोष्टींची. मुलगा वा मुलगी तिकडे निघाली, तर स्वेटराबरोबर एवढे सांगून पाठवा : काम कर, लाजू नकोस, पण तास किती, मजुरी किती, आजारी पडलास तर काय, हे आधी विचार, आणि विचारणारे चार जण असतील त्यांच्यात जाऊन बस. आणि उद्या सकाळी घरी भांडी घासायला बाई येतील, तेव्हा त्यांचे पूर्ण नाव विचारा, सुट्टी किती हवी तेही विचारा.