अपघातग्रस्तांची भरपाई : हक्क की सौदा?



रस्त्यावरील अपघात ही ज्याच्या-त्याच्या नशिबाची बाब मानण्याची सवय आपल्या समाजाला जडलेली आहे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि वर्षानुवर्षे जी हानी होते ती नशिबाची नव्हे. ती वाहतूक-व्यवस्थेची किंमत होय. ही किंमत कोणी चुकती करावयाची, हाच खरा प्रश्न आहे.

जुन्या कायद्याचे उत्तर असे होते की, ज्याचा निष्काळजीपणा सिद्ध होईल त्याने भरपाई द्यावी. सिद्ध करण्याचा भार मात्र जखमी माणसावर! इस्पितळात पडलेल्या हमालाने साक्षीदार कोठून आणावेत? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानेही निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावाचून भरपाई नाही, असेच म्हटले होते. यावरील उपाय म्हणजे दोषनिरपेक्ष भरपाई. दोष कोणाचाही असो, विम्याच्या निधीतून जखमी माणसाला पैसे मिळालेच पाहिजेत, हे तिचे सूत्र.

समाजवाद्यांना या सूत्राचा अभिमान वाटावा असा त्याचा इतिहास आहे. कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतात टॉमी डग्लस यांच्या समाजवादी सरकारने १९४६ साली सक्तीचा आणि सरकारी मालकीचा मोटार विमा आणून दोषाची चौकशी न करता जखमींना लाभ देण्यास आरंभ केला. भारतात हे तत्त्व अवतरले ते १९८२ साली, तेही संकोचून : मृत्यूसाठी १५ हजार रुपये, कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार. ही रक्कम पुढे १९८८ च्या कायद्याने आणि १९९४ च्या दुरुस्तीने वाढली. रक्कम तुटपुंजी होती. पण ती घेतल्याने मूळ दाव्याला बाध येत नसे. तातडीची मदत घ्यावी आणि पूर्ण भरपाईसाठी न्यायाधिकरणापुढे लढत राहावे, अशी ती व्यवस्था होती.

१९९४ साली वय व उत्पन्न यांच्या तक्त्यावरून अंतिम भरपाई देणारा दुसरा मार्ग आला. त्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४० हजार रुपये होती. महागाईनुसार तक्ता सुधारण्याचा अधिकार सरकारला होता. परंतु २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कानउघाडणी करूनही तो बदलला २०१८ मध्ये. त्या वेळी मृत्यूसाठी ५ लाख, अपंगत्वासाठी त्याच्या टक्केवारीच्या प्रमाणात रक्कम आणि दरवर्षी ५ टक्के वाढ, असे ठरले.

ही सुधारणा चार वर्षेही टिकली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १६४ हे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले आणि आधीचे दोन्ही मार्ग बंद झाले. आता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. वार्षिक वाढ गेली. अपंगत्वाचे प्रमाणही गेले. फौजदारी कायद्याच्या व्याख्येनुसार दात मोडणे ही गंभीर दुखापत आणि पाठीचा कणा मोडणे हीसुद्धा गंभीर दुखापतच. दोहोंची किंमत एकच!

याहून गंभीर गोष्ट अशी की, विमा कंपनीशी तडजोड करून या कलमाखालील रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. याचा अर्थ आकड्यांनी पाहू. तीस वर्षांचा, महिना १५ हजार कमावणारा एक गवंडी कायमचा अंथरुणाला खिळला, असे समजा. त्याचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या रीतीने भावी वाढीचे ४० टक्के मिळवून १७ ने गुणले की ४२ लाख ८४ हजार होतात. औषधोपचार व शुश्रूषा वेगळी. दोषनिरपेक्ष मार्गाने त्याला मिळतात अडीच लाख. सात टक्के व्याजाने त्याचे महिन्याला दीड हजारही होत नाहीत. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे त्याने अडीच लाख नाकारून वर्षानुवर्षे थांबावे, अशी अपेक्षा कोण करील? येथे संमती असते ती उपासमारीची.

दावा सोडावा लागतो म्हणून दोषनिरपेक्ष तत्त्वच वाईट, असा निष्कर्ष मात्र काढू नये. न्यूझीलंडने १९७४ पासून अपघातग्रस्तांचा दाव्याचा हक्क काढून घेतला. पण त्याच्या बदल्यात उपचार दिले आणि काम करता येत नाही तोवर दर आठवड्याला बुडालेल्या कमाईच्या ८० टक्के रक्कम दिली. तेथे हक्काच्या बदल्यात उपजीविका मिळाली. येथे हक्काच्या बदल्यात काही महिन्यांचा किराणा. २०२५ साली अपघातग्रस्तांसाठी दीड लाखापर्यंतच्या रोखरहित उपचारांची योजना आली, हे स्वागतार्हच आहे. पण ती सात दिवसांची. कणा मोडलेल्या माणसाचे आयुष्य आठव्या दिवशीही चालूच असते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. दोषनिरपेक्ष रक्कम ही अंतरिम मदत मानावी. ती घेतल्याने दावा बुडू नये. दुखापतीचे मोल कमाईच्या हानीवर ठरावे आणि महागाई निर्देशांकाशी बांधले जावे. कायमच्या अपंगांना एकरकमी पैशाऐवजी मासिक वेतन मिळावे. असे दीर्घ दायित्व नफ्यावर चालणाऱ्या कंपनीच्या अंगावर येते. म्हणून १९७३ साली राष्ट्रीयीकृत झालेला आणि २०२१ च्या दुरुस्तीने खाजगी मालकीला खुला केलेला सर्वसाधारण विमा सार्वजनिक हातांतच राहिला पाहिजे.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांनी एक काम अवश्य करावे. अपघातग्रस्ताच्या घरी कंपनीचा तडजोडीचा प्रस्ताव पोहोचेल तेव्हा तो नाकारून सुनावणी मागण्याचा हक्क कलम १४९ ने दिलेला आहे, हे त्या कुटुंबाला सांगावे. आणि सुनावणी चालू असेतो त्या घरची चूल विझू नये, याची तजवीज करावी. हक्काची माहिती आणि पोटाला आधार ही दोन्ही एकदम पोहोचली, तरच सही करण्यापूर्वी तो गवंडी खऱ्या अर्थाने स्वतंत्र असेल.