परतीची वाट
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा गोषवारा)



परदेशी शिकून तेथेच राहिलेल्या तरुणांचा विषय निघाला, की 'देशाला विसरले' असा निकाल आपण चटकन देतो. तो देण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढीच माझी विनंती आहे.

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपताच लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून ते परतले व बडोद्यास रुजू झाले. त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले, तर लाठ्या घेऊन आलेल्यांनी संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास फर्मावले. विद्वान परतला होता. त्याला सामावून घ्यावयास समाज तयार नव्हता.

आता आजचे चित्र पाहू. २०२३-२४ साली अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. सुखवस्तू घरांतील मुलांची गोष्ट सोडा. पण कित्येकांच्या मागे शिष्यवृत्ती नसून बँकेचे कर्ज आणि गहाण पडलेले घर आहे. रुपयांतील पगारातून ते कर्ज फिटत नाही, म्हणून मुलगा तेथे राहतो. आणि राहतो तरी कसा? 'एच-वन-बी' परवान्यांची सर्वसाधारण वार्षिक मर्यादा ६५,०००; अर्ज त्याहून अधिक, म्हणून सोडत. अर्ज करावयाचा मालकाने. नोकरी गेली, तर फार तर ६० दिवसांत दुसरा मालक शोधावयाचा किंवा देश सोडावयाचा. कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. ज्याचे वास्तव्यच मालकाच्या सहीवर टांगलेले आहे, तो मान वर करून न्याय्य वेतन कसे मागणार? पदवीधर झाला तरी तो बांधलेला श्रमिकच आहे.

म्हणून दोष केवळ त्याच्या माथी मारून आपली सुटका होणार नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा अवघ्या ७५. त्या वाढाव्यात, पैसे वेळेवर पोहोचावेत, यासाठी आपण झगडले पाहिजे. सार्वजनिक पैशाने शिकलेल्याकडूनच समाजाला हक्काने काही मागता येते. कर्जाने शिकलेल्यावर पहिला हक्क सावकाराचा असतो.

आणि जो परतेल, त्याला जात न विचारता काम व घर मिळाले पाहिजे. 'परत ये' म्हणण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच येईल.