दुसऱ्या फ्लॅटचा हिशेब

(निगडी प्राधिकरणातील वसंत व्याख्यानमालेतल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

निगडीत जागेच्या भावाबद्दल शंका काढायची म्हणजे धाडसच. इथे घरोघरी एकच गोष्ट ऐकू येते. वडिलांनी कंपनीतून कर्ज काढून प्राधिकरणात प्लॉट घेतला, तेव्हा नातेवाईक म्हणाले, ‘त्या माळावर कोण राहायला जाणार?’ आज त्या माळाचा भाव विचारायची सोय नाही. गोष्ट खरी आहे. तिच्यावरून ‘जागेत पैसा बुडत नाही’ असं आपण ठरवून टाकतो, तिथे मात्र घोळ आहे.

तो प्लॉट का वाढला? नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली आलं. शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या. (त्यांना साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, आपल्या भाववाढीत तोही वाटा आहे.) आखीव पेठा झाल्या, रुंद रस्ते झाले. शेजारी आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार. स्वस्त जमीन, नियोजन आणि नोकऱ्या एकाच वेळी जुळून आल्या. आज फ्लॅट घेणाऱ्याला या सगळ्याची किंमत आधीच मोजावी लागते. निगडीपर्यंतच्या मेट्रोला मंजुरी मिळाली ऑक्टोबर २०२३ मध्ये. जाहिरातींत ती त्याआधीच धावत होती!

शिवाय वाढते ती जमीन. इमारत जुनीच होत जाते. लिफ्ट बदला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा. फ्लॅटवाल्याच्या वाट्याला त्या जमिनीचा तुकडा किती येतो? आणि प्राधिकरणात तर जमीन बहुतेक ठिकाणी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. २०२१ मध्ये प्राधिकरणाचं विलीनीकरण झालं, तरी हस्तांतरण शुल्काचा विषय सोसायटीच्या सभेत निघाला की चहा गार होतो.

आता आकडे. समजा, १९९५ साली पाच लाखांना घेतलेला फ्लॅट आज ६० लाखांना जातो. बारापट! पण तीस वर्षांवर चक्रवाढीने पसरवलं, तर वर्षाला जेमतेम साडेआठ टक्के. १९९५ मध्ये पीपीएफवर १२ टक्के व्याज होतं. पुढे ते घटत ७.१ वर आलं, तरी त्या बदलत्या दरांनी गुंतवलेली रक्कमही तीस वर्षांत जवळपास बारापटच होते, आणि तीही करमुक्त. पीपीएफला वार्षिक मर्यादा आहे, सगळे पाच लाख एकदम ठेवता आले नसते, हे मान्य. पण तिथे मेंटेनन्स नाही, मिळकतकर नाही, भाडेकरूही नाही.

राहतं घर याला अपवाद. तिथे भाडं वाचतं, घरमालक ‘अकरा महिने झाले’ म्हणून दारात उभा राहत नाही. त्या घराला मी गुंतवणूक म्हणतच नाही. ती गरज आहे, जरूर घ्या. माझा आक्षेप निवृत्तीच्या पैशांतून घेतलेल्या दुसऱ्या फ्लॅटवर आहे. ६० लाखांच्या फ्लॅटला पंधरा हजार भाडं आलं, तर वर्षाचे एक लाख ऐंशी हजार, म्हणजे तीन टक्के. त्यातून मेंटेनन्स, रंगरंगोटी आणि रिकामे महिने वजा करा. घेताना मुद्रांक शुल्क, बांधकाम चालू असेल तर जीएसटी. जुलै २०२४ नंतर घेतलेलं घर विकताना महागाईचा निर्देशांक लावण्याची सवलतही नाही. आणि दवाखान्याला आठ लाख लागले, तर फ्लॅटमधली एक खोली विकता येत नाही.

‘निदान मालमत्ता तरी हातात राहते,’ असं कुणी म्हणेल. आपल्यापासून जवळच चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत ३६ बंगले होते. राष्ट्रीय हरित लवादाने ते पाडायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही आणि मे २०२५ मध्ये महापालिकेने ते पाडले. तेव्हा टोकन देण्याआधी सॅम्पल फ्लॅटचं स्वयंपाकघर नंतर पाहा. आधी विकास आराखड्यात पूररेषा पाहा, महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी आणि खटले पाहा, जमीन मालकीची की भाडेपट्ट्याची ते वकिलाला विचारा. वकिलाची फी लोकांना फार वाटते. साठ लाखांच्या व्यवहारात!