पाण्यात उभे असलेले तहानलेले पीक



कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात थंडी सरली की काही शेतांत एक विपरीत दृश्य दिसते. जमीन ओली असते, पाटाला पाणी असते. तरीही उसाच्या पानांची टोके करपलेली असतात, फुटवे विरळ असतात आणि वरंब्यांवर पांढरा थर साचलेला असतो. शेतकरी म्हणतो, 'मीठ फुटले.' या दोन शब्दांत कधी कधी एका पिढीच्या कष्टांचा शेवट असतो.

रसायनांनी पीक नासते म्हटले की कारखान्याचे सांडपाणी किंवा कीटकनाशकाचा डबा डोळ्यांपुढे येतो. येथे मात्र घात पाण्याच्याच पावलांनी येतो. नदीच्या वा विहिरीच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतातच. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेले पाणी एका एकरात ८ सेंटिमीटर उंचीचे दिले, तर सुमारे १६० किलो क्षार जमिनीत उतरतात. अशा वीस पाळ्या म्हणजे तीन टनांहून अधिक! पाणी पीक पिते, ऊन उडवते. क्षार बहुतांशी मागेच राहतात. भारी काळ्या जमिनीत निचरा मंद असतो. पाटपाण्याच्या अतिरेकाने भूजल वर चढते आणि वातीतून तेल चढावे तसे खोलवरचे क्षारही पृष्ठभागी येतात.

मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. मुळांचेही तसेच होते. जमिनीतील पाणी खारट झाले की मुळांना ते ओढून घेता येत नाही. पीक पाण्यात उभे राहून तहानेने सुकते. क्लोराइड पानांच्या कडांत साचून त्या जाळते. सोडियम पोटॅशियमच्या शोषणात अडथळा आणतो. तोच सोडियम चिकणमातीचे कण सुटे करून जमिनीची छिद्रे बुजवतो आणि मुळांचा श्वास कोंडतो. हीच चोपण जमीन. तिचा सामू ८.५ च्या वर गेला की लोह, जस्त मातीत असूनही पिकाला लाभत नाही. जव बराच खारटपणा सोसतो. ऊस मात्र या बाबतीत नाजूक आहे.

पिवळे पान पाहून शेतकरी युरियाचे आणखी एक पोते टाकतो, आणखी एक पाणी देतो. बहुतेक रासायनिक खते स्वतःच क्षार असतात. औषध म्हणून दिलेल्या मात्रेने दुखणे बळावते, ते असे.

हा प्रश्न आजचा नाही. कृष्णेच्या उत्तरेस निरेच्या खोऱ्यात १८८५ च्या सुमारास डावा कालवा वाहू लागला. पुढे तेथील जमिनी खारावल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी त्या जमिनींचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला. इशारा शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. ऐकण्याची तयारी मात्र अजून अपुरी आहे.

उपाय आहेत. माती आणि पाणी तपासून घ्यावे. पाटाऐवजी ठिबकने, मोजून पाणी द्यावे. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून खारे पाणी बाहेर काढावे. चोपण जमिनीत जिप्सम टाकल्यास त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. धैंचा, ताग गाडल्याने माती पुन्हा मोकळी होते. परंतु निचऱ्याची वाट नसेल तर जिप्समही व्यर्थ, कारण सुटलेला सोडियम जाणार कोठे?

येथेच खरी परीक्षा आहे. नळीतले पाणी शेजाऱ्याच्या शेतातून ओढ्याला जायचे असते. त्याने वाट अडवली, किंवा ओढाच नांगरून कोणी बांध पुढे सरकवला, तर वरच्या शेतकऱ्याचा सारा खर्च मातीमोल होतो; आणि वरच्याने बेसुमार पाणी सोडले तर खालच्याचे शेत आधी खारावते. सातबारा वेगवेगळा असला तरी भूजलाला बांध ठाऊक नसतो. म्हणून पंचवीस-तीस खातेदारांनी एकत्र बसून ओढा मोकळा करणे, नळ्यांचा मार्ग ठरवणे आणि पाण्याच्या पाळ्यांना शिस्त लावणे, ही पहिली पायरी आहे. अनुदान त्यानंतरचे. काळ्या आईचे ऋण एकेकट्याने फिटणारे नाही. ते गावाने मिळूनच फेडायचे आहे.