विषय मूल ठरवील

अंगणवाडीताई, मदतनीस, बालवाडीच्या बाई आणि कळंबोली-रोडपालीत घरच्या घरी पाळणाघर चालवणाऱ्या मावश्यांनो,

थेट तक्रारीवर येतो. 'प्रोजेक्ट' म्हटला की आपल्याकडे थर्माकोल, चार्टपेपर आणि रात्री अकराला कात्री घेऊन बसलेले आईवडील डोळ्यांपुढे येतात. हे लोण आता दोन वर्षांच्या मुलांपर्यंत पोचले आहे. जूनचा विषय पाऊस, जुलैचा फळे, शुक्रवारी सगळ्यांनी पिवळे कपडे. मुलांना काय हवे, हे विचारायची सोय नाही, कारण या वयाचे मूल आपला विषय हातांनी सांगते. एकच डबा दहादा भरते, दहादा उपडा करते. आपण ओरडतो, "किती पसारा!"

इथलेच उदाहरण घ्या. शेजारी कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, पलीकडे तळोजा एमआयडीसी, आणि द्रुतगती मार्गाचे तोंडही इथेच. समजा, ट्रेलरचा आवाज आला की एक पोरगा खिडकीकडे धावतो. त्याला ट्रकचे छापील चित्र रंगवायला देऊ नका. पुठ्ठ्याचे खोके द्या, दोरी द्या, भरायला रिकाम्या बाटल्या द्या. खोके भरल्यावर जड होते, उतारावर आपोआप घसरते, दारात अडकते, हे त्याचे त्याला कळू द्या. एखादी मुलगी चाकांपाशी अडकेल, दुसरी भोंगा वाजवत फिरेल, तिसऱ्याला नुसते भरणे-ओतणेच पुरेल. त्या तिघांना एका ओळीत बसवू नका. कुणाचे वडील चालक असतील तर त्यांना बोलवा, उभ्या गाडीच्या टायरला मुलांचे हात लागू द्या. चार दिवसांत रस आटला तर प्रकल्प संपला. प्रदर्शन भरवायचे नाही. महिनाभर चालला तर जुलैच्या फळांनी थांबावे. (फळे कुठे पळून जात नाहीत.)

ताईने रोज दोन ओळी लिहाव्यात: कोण काय करत होते, काय म्हणाले. उद्या काय पुढ्यात ठेवायचे, ते त्या ओळींतून ठरते. इटलीतल्या रेज्जो एमिलियात लोरिस मालागुत्सी यांनी अशा नोंदींवर अख्खी शिक्षणपद्धती उभी केली. तिथल्या नगरपालिकेची पहिली बालशाळा १९६३ची. आपला वारसा त्याहून जुना आहे. ताराबाई मोडक बालशिक्षणाच्या कामासाठी १९४५मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने वापरली. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींची शाळा बुडू नये म्हणून पाळणाघरही शाळेला जोडले. म्हणजे रांगणारे मूलही शाळेच्या हिशेबात आले.

सरकारी योजनेत हे वय मागे राहिले. एकात्मिक बालविकास सेवा १९७५मध्ये सुरू झाली. तिच्यात पूर्वशालेय शिक्षण तीन ते सहा वयाला, आणि त्याखालच्यांच्या वाट्याला मुख्यतः आहार, वजन, लसीकरण. जन्म ते तीन वर्षांसाठीचा 'नवचेतना' आराखडा आला २०२४मध्ये. आराखडा चांगला आहे, पण त्याची अंमलबजावणी करणारी ताई एकच असते, आणि तिच्याकडे मुलांपेक्षा रजिस्टरे जास्त असतात. मुलामागे चालायचे तर हात मोकळे हवेत. रोडपालीचा तलाव दाखवायला दोन वर्षांची मुले न्यायची, तर मोठ्या माणसाच्या एका हाताला एकच मूल, याहून सैल हिशेब मला मान्य नाही. माणसे वाढवल्याशिवाय या पद्धतीच्या गप्पा मारणे ही ताईची फसवणूक आहे.

पालकांनाही सांगतो: पोराच्या वहीत रोज एक पान भरलेच पाहिजे, हा हट्ट सोडा. सकाळी ओतलेले पाणी वहीत दिसत नाही.

आणि ताईंनो, येत्या सोमवारी भिंतीवरचा विषयतक्ता आठवडाभर कोरा ठेवा. मुले कशाकडे वळतात ते पाहा, लिहा, आणि त्या नोंदी घेऊन पुढच्या बैठकीला या.